निम्मं पास झालेलं प्रोटीन

त्या लॅबमध्ये तपासणीचं काम बघणाऱ्या गृहस्थांना सगळे नापासराव म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही असावं. इतरांनी घाम गाळून बनवलेलं प्रोटीन त्यांच्या टेबलावर यायचं, ते चष्मा कपाळावर चढवायचे, आकडे बघायचे आणि मान हलवायचे. त्यामुळे त्या सकाळी ते ‘नापास’ म्हणाले असते तर कुणाला काही वाटलं नसतं. पण ते म्हणाले, ‘‘निम्मं पास.’’

‘‘निम्मं म्हणजे?’’ प्रश्नपेटीने विचारलं.

प्रश्नपेटी हे तिचं लॅबमधलं नाव, आणि ते तिने स्वतःच्या कर्तृत्वाने मिळवलं होतं. ‘हे असं करतात’ असं तिला कुणी सांगितलं की ‘असंच का?’ हे ठरलेलं. काही जणांना तिचं कौतुक होतं. उरलेले तिला येताना पाहून दुसऱ्या दाराने सटकायचे.

‘‘निम्मं म्हणजे निम्मं. निरोप्याला धरतंय, प्रतिपिंडाला धरत नाहीये. आता का म्हणून विचारू नकोस, माझा चहा गार होतोय.’’

इथे जरा थांबून सांगायला हवं, नाहीतर पुढची सगळी गंमत वाया जाईल. आपल्या पेशींच्या अंगावर बाहेरच्या बाजूने काही प्रोटीनं बसलेली असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. रक्तातून हिंडणारा एखादा निरोप्या, म्हणजे तोही एक प्रोटीनच, जवळ आला की रिसेप्टर त्याला धरतो आणि आतल्या मंडळींना कळवतो. या लॅबमध्ये ज्या रिसेप्टरवर काम चालायचं त्याचा निरोप्या सूज आणणारा होता. कुठे खरचटलं, कुठे पू झाला, तर तो हवाच. पण काही माणसांच्या अंगात तो कारण नसताना दारं ठोठावत सुटतो आणि मग सांधे सुजतात, आखडतात. म्हणून औषधवाल्यांनी एक प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, तयार केलं. ते आधीच रिसेप्टरवर जाऊन ठाण मांडतं आणि निरोप्याला बसायला जागाच ठेवत नाही.

लॅब औषध बनवत नसे. ती बनवायची फक्त रिसेप्टरचा बाहेरचा तुकडा. माणसाचं जनुक घ्यायचं, वाढवलेल्या पेशींमध्ये घालायचं, त्या पेशी ज्या पाण्यात वाढतात त्यात प्रोटीन उतरलं की ते गाळून, सुकवून, इवल्या कुप्यांमध्ये भरायचं. कुपीत भुकटी इतकी कमी असे की पहिल्यांदा बघणाऱ्याला ती रिकामीच वाटायची. वर चिठ्ठी: फक्त संशोधनासाठी. त्या कुप्या मग इतर लॅबना जात. जाण्याआधी नापासराव दोन गोष्टी बघत. निरोप्याला धरतं का, आणि प्रतिपिंडाला धरतं का. प्रतिपिंडही दुसरंतिसरं नाही, बाजारात सुईत भरून मिळतं तेच.

प्रश्नपेटीने केलेली पहिली खेप दोन्हीत झोकात पास झाली होती. ही दुसरी.

लॅबच्या प्रमुख बाईंना सगळे नुसतं मॅडम म्हणत. त्यांनी निकाल ऐकला आणि कपाळाला आठ्या घातल्या. ‘‘गाळताना बिघडलं असेल. ओतून दे आणि नव्याने कर. लोक वाट बघतायत.’’

‘‘पण मॅडम, बिघडलं असतं तर सगळंच बिघडलं असतं ना? दूध नासलं तर अर्धं पातेलं चांगलं राहतं का?’’

‘‘राहत नाही. म्हणूनच ओतून दे म्हणतेय.’’

प्रश्नपेटीने मान डोलावली आणि ओतलं नाही. दुसऱ्या कुणाला अशा वेळी रडू आलं असतं. तिला मात्र खरोखर मजा वाटत होती. चांगलं प्रोटीन चांगलं असतं, वाईट प्रोटीन वाईट असतं. हे तिसरंच काहीतरी होतं. निरोप्याला नीट ओळखतं म्हणजे शहाणंसुरतं आहे. मग प्रतिपिंडाशीच वाकडं का?

घरी मात्र मजा वाटण्यासारखं काही नव्हतं.

तिचे बाबा आयुष्यभर पुस्तकं बांधत आले होते. दाभणाने शिवायचं, खळ लावायची, पुठ्ठा बसवायचा. जुन्या पुस्तकाची शिवण कुणी बांधली हे ते हात फिरवून सांगत. आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी त्यांची बोटं सुजायला लागली. आधी दाभण हातातून सुटायला लागलं, मग शर्टाची बटणं लागेनात. डॉक्टरांनी तेच सुईतलं औषध दिलं. बहुतेकांना गुण येतो, थोडे दिवस थांबा, म्हणाले. थोडे दिवस झाले, मग बरेच दिवस झाले. बाबांची बोटं होती तशीच.

‘‘नेमाने घेतात ना?’’ असं डॉक्टरांनी मागच्या खेपेला विचारलं, आणि ते विचारलं दादाला. बाबा शेजारीच बसले होते. तेव्हापासून सुई टोचायची वेळ आली की तिचा मोठा भाऊ त्यांच्यासमोर उभा राहू लागला. दादा वाईट नव्हता. सकाळी बाबांच्या शर्टाची बटणं तोच लावून द्यायचा. पण गुण येईना तसा त्याने मनाशी एक हिशेब मांडला आणि एकदा स्वयंपाकघरात तिला हळू आवाजात सांगितला, ‘‘आई गेल्यापासून त्यांना कुणीतरी सारखं विचारायला हवं असतं गं. थोडं दुखतं आणि बरंचसं मनाचं आहे.’’ हळू आवाज त्याला कधीच जमला नव्हता. बाहेरच्या खोलीत बाबांनी रेडिओ बंद केला, यावरून त्यांना ऐकू गेल्याचं दोघांनाही कळलं.

त्या संध्याकाळी जेवताना बाबा म्हणाले, ‘‘या खेपेला डॉक्टरांना सांगून टाकणार आहे. बास झालं. हेही नको आणि दुसरंही काही नको.’’

‘‘असं कसं बाबा? सांधे एकदा गेले की परत येत नाहीत.’’

‘‘मनाचं दुखणं आहे ना? मग सांधे कशाला जातील?’’

दादा ताटात बघून जेवत राहिला. बाबा हट्टी नव्हते. पण एकदा का त्यांनी एखादं पुस्तक बांधायचं नाही असं ठरवलं की गिऱ्हाईक रडलं तरी ते हात लावत नसत. आत्ताचा आवाज तसला होता. औषध सोडलं तर वर्षा-दोन वर्षांत बोटं वाकडी होऊन तशीच राहतील, हे तिला घरातल्या कुणाहीपेक्षा जास्त कळत होतं.

‘‘औषध चांगलं आहे हो बाबा,’’ ती काकुळतीला येऊन म्हणाली. ‘‘लॅबमध्ये रोज बघते ना मी, कसं घट्ट धरतं ते.’’

‘‘तुझ्या बाटलीत धरत असेल,’’ बाबा म्हणाले आणि पाण्याचा पेला दोन्ही तळव्यांत धरून उचलला.

दुसऱ्या दिवसापासून ती प्रोटीनच्या हात धुऊन मागे लागली. कुप्या बदलून पाहिल्या, कारण काही प्रोटीनं प्लॅस्टिकला चिकटून बसतात. मीठ कमी-जास्त करून पाहिलं. कुणी कुपी जोरात हलवून फेस तर आणला नाही ना, म्हणून सगळ्यांची उलटतपासणी घेतली. लोक वैतागले. प्रतिपिंडच शिळं झालं असेल म्हणून नवं मागवलं. ते पहिल्या खेपेच्या उरलेल्या प्रोटीनला गळ्यात पडल्यासारखं चिकटलं आणि दुसऱ्या खेपेकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

‘‘पाणी कुठेतरी मुरतंय,’’ नापासराव म्हणाले. आता त्यांनाही चटक लागली होती. ते चहा घेऊन तिच्याच टेबलाशी येऊन बसत. ‘‘दोन्ही खेपा एकाच मुळातून केल्यास ना?’’

‘‘एकाच. माझ्याच रक्तातून.’’

ही त्या लॅबची जुनी रीत होती. हल्ली जनुक आयतं मागवता येतं, सगळे तेच करतात. पण मॅडमच्या गुरूंनी घालून दिलेला पायंडा असा की नव्या माणसाने पहिलं प्रोटीन स्वतःच्या रक्तातून करायचं. म्हणजे हात बसतो आणि जीवही लागतो, असं म्हणायचे म्हणे. प्रश्नपेटीने तसंच केलं होतं. रक्तातल्या पेशींमधून जनुकाच्या नकला उतरवल्या, त्या जिवाणूंमध्ये घातल्या आणि ते जिवाणू बशीवर पसरले. बशीवर ठिपके उगवतात. प्रत्येक ठिपक्यात एकच नक्कल, कोट्यवधी वेळा वाढलेली. तिने त्यातले दोन ठिपके उचलून दोन नळ्यांत ठेवले. एक वापरायला, एक अडीअडचणीला. पहिली नळी पहिल्या खेपेत संपत आली, म्हणून या वेळी दुसरी काढली.

‘‘म्हणजे ठिपका वेगळा आहे,’’ नापासराव म्हणाले.

‘‘वेगळा कसला? एकाच बशीतले, एकाच रक्तातले. सख्खी भावंडं.’’

‘‘जनुक पूर्ण वाचून घेतलं होतंस?’’

ती गप्प झाली. प्रश्नपेटी गप्प झाली हे बघायला दोघे-तिघे वळले. तिने दोन्ही टोकं वाचून घेतली होती, जोड नीट बसलाय का हे बघायला. सगळेच तेवढं करत. मधलं वाचायचं कशाला? स्वतःचं तर रक्त. त्यात चुकायचं काय?

तिने दोन्ही ठिपके आरपार वाचायला दिले. निकाल आला तेव्हा नापासराव तिच्या खुर्चीमागे उभे होते. दोन्ही जनुकं शब्दशः सारखी होती, फक्त मध्यावर एका ठिकाणी फरक होता. तेवढ्याने प्रोटीनच्या साखळीतला एक मणी बदलत होता, आणि तो मणी नेमका तिथे होता जिथे प्रतिपिंड येऊन बसतं. निरोप्याची जागा शेजारीच, प्रतिपिंड बसलं की झाकली जाणारी, पण तो मणी तिच्यात येत नव्हता. त्या जागेला या बदलाचं काही सोयरसुतक नव्हतं.

‘‘सापडलं!’’ नापासरावांनी टेबलावर थाप मारली. ‘‘नक्कल उतरवताना चूक झालीय. होतं असं. फेक तो ठिपका.’’

‘‘चूकच आहे कशावरून?’’

‘‘झालं सुरू.’’

‘‘नाही, खरंच. नकलेतली चूक असेल तर ती माझ्या रक्तात सापडणार नाही. बघूया ना.’’

तिने पुन्हा बोटाला टोचून घेतलं आणि या वेळी नक्कल न करता थेट स्वतःचंच जनुक वाचायला दिलं. त्या एका जागी यंत्राने दोन उत्तरं दिली, दोन्ही सारखीच ठसठशीत. चूक नव्हती. तिच्या अंगात जन्मापासून दोन्ही होती.

‘‘मग बरोबर आहे,’’ नापासराव म्हणाले, जरा खट्टू होऊन. ‘‘प्रत्येकाकडे दोन प्रती असतात. एक आईची, एक बापाची. एका ठिपक्यात तुझ्या आईची आली, दुसऱ्यात वडिलांची. किंवा उलट. आपण त्यांना भावंडं समजत होतो आणि ते निघाले नवरा-बायको!’’ स्वतःच्या विनोदावर ते एकटेच हसले.

ती हसली नाही. ‘‘म्हणजे दोघांपैकी एकाच्या रिसेप्टरला औषध चिकटतच नाही.’’

‘‘प्रतिपिंड म्हण. औषध काय?’’

‘‘तेच औषध आहे ते.’’

हे तिला काही आज कळलं नव्हतं. आपलं घर कुठल्या रस्त्यावर आहे हे जसं माहीत असतं तसं ते तिला माहीत होतं, आणि म्हणूनच त्याकडे तिने कधी वळून पाहिलं नव्हतं. लॅबमधली औषध न धरणारी कुपी आणि घरच्या शीतकपाटात भाजीच्या वर ठेवलेल्या सुया आता पहिल्यांदाच तिच्या डोक्यात एकमेकींच्या शेजारी आल्या. मग एकेक आठवत गेलं. समोर उभा राहून सुई टोचून घ्यायला लावणारा दादा, रेडिओ बंद करणारे बाबा, आणि ‘औषध चांगलं आहे हो’ म्हणणारी ती स्वतः.

पण घरी काही सांगायच्या आधी खात्री हवी होती. बदललेली प्रत आईची असती तर ही सगळी गोष्ट म्हणजे नुसतीच एक चुटपुट लावणारी मौज. बाबांची असली तरी त्यांची दुसरी प्रत चांगली असली तर औषधाने थोडा तरी गुण यायलाच हवा होता.

तिने मॅडमना सगळं सांगितलं. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. ‘‘वडिलांनी हो म्हटलं तरच. आणि आपला निकाल म्हणजे वैद्यकीय निकाल नव्हे, हे लक्षात ठेव. डॉक्टरांना त्यांच्या पद्धतीने पुन्हा तपासायला सांगायचं. मी बोलेन त्यांच्याशी.’’ मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, ‘‘ओतून दे म्हटलं होतं मी, नाही का?’’

‘‘हो मॅडम.’’

‘‘बरं झालं तू ऐकत नाहीस.’’

बाबांनी हो म्हणायला वेळ लावला नाही. कशासाठी हे तिने सांगितलं, पण आशा वाटेल असं काही बोलायचं तिने टाळलं. ते म्हणाले, ‘‘घे बाई. सगळ्यांनी टोचून झालं, तू तेवढी राहिली होतीस.’’ बोट इतकं सुजलेलं होतं की तिने शेवटी गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून घेतला.

निकालात त्या जागी एकच उत्तर होतं. बदललेलं. बाबांच्या दोन्ही प्रती तशाच होत्या. त्यांचे आईवडील लग्नाआधीपासून एकमेकांच्या नात्यातले होते, तेव्हा एकच पूर्वज दोन्ही बाजूंनी येऊन मिळाला असणार. नापासरावांनी कागद पाहिला आणि चष्मा खाली ओढला. मग त्यांनी तिच्यासाठीही चहा आणला.

घरी गेली तेव्हा दोघंही जेवणाच्या टेबलाशी होते. दादा बाबांना संत्रं सोलून देत होता. तिने पर्स खांद्यावरच ठेवून सांगायला सुरुवात केली. आधी फार पाल्हाळ लावला, मग दादा म्हणाला, ‘‘माणसाला कळेल असं सांग,’’ तेव्हा तिने श्वास घेतला.

‘‘औषध जिथे बसायला हवं ती जागा बाबांची जन्मापासून वेगळी आहे. औषध येतं, बसायला जागा मिळत नाही, निघून जातं. सगळ्या सुया खऱ्या होत्या आणि एकही लागू पडली नाही. वर्षभर घेतल्या असत्या तरी पडली नसती.’’

बाबा आपल्या हातांकडे बघत राहिले, पण त्यांच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो भलताच.

‘‘आणि तुझा तो पहिला ठिपका? औषध धरणारा?’’

‘‘तो आईचा.’’

‘‘तिचं अजून धरतं?’’

‘‘धरतं बाबा. उत्तम धरतं.’’

‘‘धरणारच,’’ बाबा म्हणाले. ‘‘तिला येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना बस म्हणायची सवय.’’ मग ते तिच्याकडे वळले. ‘‘म्हणजे तुला कधी लागलं तर तुझं निभेल. अर्धी तिची आहेस.’’

तिने मान डोलावली.

‘‘मग आता हे बंद?’’

‘‘हे बंद. पण दुसरं एक आहे. ते दारात बसत नाही. पेशीच्या आत जातं आणि निरोप पुढे पोचू देत नाही. डॉक्टर आधी आमचा निकाल पुन्हा तपासून घेणार, मग ते देऊन बघू म्हणालेत. त्याने गुण येईल का, ते मला माहीत नाही.’’

‘‘माहीत नाही म्हणतेस?’’

‘‘खरंच माहीत नाही.’’

‘‘मग येतो डॉक्टरांकडे,’’ बाबा म्हणाले. ‘‘इतके दिवस सगळ्यांना सगळं माहीत होतं.’’

दादाच्या हातात सोललेलं संत्रं तसंच होतं. तो उठला, खुर्ची मागे सरकली, पुन्हा बसला. एवढा मोठा माणूस, पण त्याचा चेहरा शाळेतून मार खाऊन आलेल्या मुलासारखा झाला होता. ‘‘बाबा,’’ तो म्हणाला. ‘‘मी समोर उभा राहायचो. मला वाटायचं, तुम्ही… मला खरंच वाटायचं की तुम्हाला तितकं दुखत नाही.’’

बाबांनी आपला सुजलेला हात टेबलावरून हळूहळू सरकवत त्याच्या मनगटावर ठेवला. बोटं मिटत नव्हती, म्हणून नुसता तळवाच टेकवला.

‘‘असू दे रे,’’ ते म्हणाले. ‘‘शेवटी शेवटी मलाही तसंच वाटायला लागलं होतं.’’